पासष्टावं देऊळ

"चौसष्टाव्या देवळातही नाही." संजीवने वहीत फुली मारली आणि डोळे चोळले.

कतारमधल्या अल खोरमध्ये सकाळचे आठ वाजले होते. रास लफानच्या गॅस प्रकल्पातली रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरल्याला अर्धा तासही झाला नव्हता. जपानमधल्या देवळांची कार्यालयं तिथल्या पाचला, म्हणजे इथल्या अकराला बंद होत. तोवर एकेका देवळाला फोन करत राहायचं, झोपेचं नाव नाही.

शिकोकू नावाच्या बेटावर अठ्ठ्याऐंशी बौद्ध देवळांची पायी परिक्रमा असते. अनुष्का त्याच वाटेवर होती. तेवीस वर्षांची, एकुलती एक. मैत्रिणींबरोबर पंधरा दिवस जपानला म्हणून गेली. मैत्रिणी परतल्या, ती नाही. 'चालायला जातेय, शोधू नका,' असा इंग्रजीत एक मेसेज, मग फोन बंद. मराठी तिला बोलता येई, लिहिता नाही. एका मैत्रिणीला खोदून खोदून विचारल्यावर बेटाचं नाव कळलं. आज सव्विसावा दिवस होता.

पोरीला त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. कॉलेजला सोडायला तोच, आणायला तोच. घरातले पासपोर्ट त्याच्याच कपाटात, कुलपात. दोन वर्षांपूर्वी तिचं डावं मनगट मोडलं, तेव्हा त्यानेच उचलून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरंही त्यानेच दिली. आणि ती अशी न सांगता निघून गेली! आठवलं की त्याला रडू फुटे.

फोन वाजला. विभावरी. भावाचं ऑपरेशन म्हणून बायको तीन आठवडे नाशिकला होती. मेहुण्याचं आणि संजीवचं कधी पटलं नव्हतं, तरी त्याने मोठ्या मनाने तिचा पासपोर्ट कपाटातून काढून दिला होता.

"कितव्या देवळापर्यंत आलात?" तिने रोजच्यासारखं विचारलं.

"चौसष्ट झाली. आता पासष्ट."

पलीकडे एक घंटा वाजली, खोल, लांबवर घुमणारी.

"देवळात आहेस?"

"हो. आणखी कुठे जाणार मी?" तिचा आवाज थकलेला होता. "जेवलात का?"

"घास उतरत नाही गं. मी वेडा होईन आता."

"अहो, नाहीच सापडली तर?"

"जिभेला काही हाड? सापडणारच. आणि एकदा सापडली की पुन्हा नजरेआड होऊ देणार नाही."

"हं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पासष्टाव्या देवळात एका म्हाताऱ्याने फोन उचलला. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं.

"इंडियन मुलगी? डाव्या हाताने काठी धरता येत नाही, तीच ना?"

संजीव ताडकन उभा राहिला. "हो, हो! तीच!"

"आली होती. टू पिलग्रिम्स. टुगेदर."

दोघं? त्याच्या डोक्यात सणक गेली. कोण आहे तो? मग त्याला आठवलं आणि हायसं वाटलं. इतक्या दिवसांत वाचून वाचून त्याला त्या वाटेचा सगळा रिवाज पाठ झाला होता. यात्रेकरूंच्या पांढऱ्या अंगरख्यावर 'दोघांचा प्रवास' असं लिहिलेलं असतं. माणूस एकटा चालत असला तरी त्या वाटेचा संत त्याच्या सोबत असतो, म्हणून एकट्यालाही तिथे दोघं म्हणतात.

"बरी आहे ना ती?"

"खूप हसत होती. मी संत्री दिली. दान देणाऱ्याला यात्रेकरू आपली चिठ्ठी देतात. नाव, तारीख, मागणं. तुमची लिपी मला वाचता येत नाही. फोटो पाठवू?"

"पाठवा! पाया पडतो तुमच्या."

संजीवने सदऱ्याला चष्मा पुसला. घर तिला नकोसं झालं, पण निदान देवाकडे तरी पोरीने काय मागितलं ते कळेल.

फोटो आला. तारीख परवाची होती. खाली वळणदार मराठी अक्षर, सव्वीस वर्षं किराण्याच्या यादीत पाहिलेलं:

'विभावरी आणि अनुष्का. मागणं : त्यांना आम्ही कधीच सापडू नये.'