दोनशे लिटर ठोकळे

टँकर यायला अर्धा तास उरला होता आणि घरातला दोनशे लिटरचा ड्रम गळ्यापर्यंत ठोकळ्यांनी भरलेला होता.

"ह्यो तुमी रिकामा करता का मी करू?" जानकीबाईंनी विचारलं.

"हात लावून बघ," शहादेवआबा म्हणाले.

ठोकळे म्हणजे पोरं एकमेकांत अडकवून घरं बांधतात ते, प्लास्टिकचे. आबा गावच्या दूध सोसायटीचे सचिव. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, सोसायटीला कुलूप लागलं आणि आबांना दिवस खायला उठला. अशात बीडला सुंदररावांच्या भंगार दुकानात त्यांना एका बंद पडलेल्या बालवाडीचे पोतंभर ठोकळे दिसले. ते घरी आणून त्यांनी सोसायटीची इमारत बांधली, कॅन ठेवायच्या ओट्यासकट. तिथून नाद लागला.

नवे खोके बीडहून यायचे, जुने कुठूनही. कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेली सुग्रीवची टोळी परतताना बंगल्यांच्या कचऱ्यातले ठोकळे आबांसाठी वेचून आणायची. ते मळलेले असायचे, म्हणून आबा ते धुवायचे. टँकर आठवड्यातून एकदा. आबा स्वतःच्या अंघोळीला सुट्टी द्यायचे आणि ठोकळ्यांना अंघोळ घालायचे.

टँकर आला. जानकीबाईंनी दोन घागरी भरल्या, बादली भरली, देवापुढचा तांब्यासुद्धा भरला. पाइपातून अजून पाणी येतच होतं. ते शेजारच्या अंजनाच्या ड्रमात गेलं.

"अवो, ड्रम कशापायी असतोय माणसाच्या घरात?" जानकीबाई भर रस्त्यात ओरडल्या. "इका ते समदं!"

सगळी रांग वळून बघायला लागली. आबांनी टोपी सरळ केली.

"ऐका रे समदे. जिवात जीव हाय तवर यातला एक बी ठोकळा मी इकणार न्हाई."

आबांचा शब्द कसा असतो, हे गावाला माहीत होतं. फॅट कमी लागला म्हणून त्यांनी एकदा सख्ख्या सासऱ्याचा कॅन परत पाठवला होता. त्यावरून वाजलं, तर चार वर्षं सासुरवाडीचा चहा घेतला नव्हता.

त्यानंतर जानकीबाई विहिरीवरून घागरी आणायला लागल्या. एक दिवस पायरीवर घसरल्या, गुडघा सुजला. आबांनी तेल गरम करून चोळलं.

पुढच्या गुरुवारी टँकरचा वार असूनही आबा सकाळीच धारूरच्या गाडीत बसले. पाव्हण्याला बघून येतो म्हणाले.

दहाच्या सुमारास दारात टेम्पो थांबला. सुंदरराव उतरले.

"आबा न्हाईत का? इकडूनच चाललो होतो. म्हणलं, जुनं प्लास्टिक असंल तर बघावं."

जानकीबाईंची नजर ड्रमाकडे गेली.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "पण बिगीबिगी."

सुंदररावांनी घासाघीस केली नाही. ठोकळे पोत्यांत भरून टेम्पोत टाकले आणि निघून गेले.

संध्याकाळी आबा परतले. ड्रम पाण्यानं काठोकाठ भरलेला होता. आबांनी तो बराच वेळ न्याहाळला. मग तांब्याभर पाणी काढलं, प्याले आणि ओट्यावर जाऊन बसले. दिवसभर मनात जुळवून ठेवलेलं भांडण जानकीबाईंच्या घशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आबा ड्रमाजवळ बसायचे, पाण्याकडे बघायचे, जेवायचे, झोपायचे.

"वरडले असते तर लई बरं झालं असतं," जानकीबाई अंजनाला म्हणाल्या. "माणूस आतून मोडला गं माझा."

त्या बीडला गेल्या. सुंदरराव खाली मान घालून म्हणाले, माल पुढं हैदराबादला गेला. मग जानकीबाईंनी बचत गटाच्या बैठकीत पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. बाया आधी हसल्या. मग एकेकीचे डोळे भरले आणि ठराव झाला. असला ठराव गटात पहिल्यांदाच झाला असेल.

अंजनानं पुण्याच्या भावाला कामाला लावलं. कुणाची नणंद परळीहून पिशवी घेऊन आली. सुग्रीवला फोन गेला, "कचऱ्यात एक बी ठोकळा ठिवू नगंस." जानकीबाईंनी आपली शेळी विकली आणि बीडहून नवे खोके आणले. आबांना पत्ता लागू नये म्हणून सगळा माल अंजनाच्या घरात साठत गेला. जुने ठोकळे जानकीबाई ओल्या फडक्यानं एकेक करून स्वतः पुसायच्या.

दोन महिन्यांनी आबा गिरणीवरून दळण घेऊन आले, तर अंगणात गटातल्या साऱ्या बाया उभ्या. मधोमध ड्रम होता. त्यातलं पाणी जानकीबाईंनी शेजारीपाजारी वाटून टाकलं होतं. ड्रम ठोकळ्यांनी भरला होता आणि त्याच्या बाजूला आणखी तीन पोती.

"घ्या," जानकीबाई म्हणाल्या. "आधीपरीस दुप्पट हायेत. चुकलं माझं."

आबांच्या हातातून दळणाचा डबा खाली आला. ते ड्रमाजवळ गेले, आत वाकून बघितलं.

"पाणी...?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"पाण्याचं काय घिऊन बसलात! तुमच्या जिवापुढं पाणी मोठं हाय व्हय?"

आबांचे डोळे भरून आले. अंजनानं पदरानं डोळे टिपले. एकीनं जानकीबाईंना मिठीच मारली.

बुधवारी आबा म्हणाले, "उद्या जरा धारूरला जाऊन येतो."

"जा की," जानकीबाई म्हणाल्या. माणूस पुन्हा बोलायला लागला, यातच त्यांना सगळं मिळालं होतं.

गुरुवारी फाट्यावर गाडीची वाट बघताना आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि लिंबाच्या आडोशाला जाऊन फोन लावला.

"सुंदरराव, मागल्यावानीच करा. सहज आल्यासारखं दाखवा, माझं नाव काढू नका." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "फक्त ह्या खेपेला टेम्पो मोठा आणा."