टपावरचा पोचा

नारायणगावात घेवरचंदशेठांकडे पाहुणा आला की काचेच्या कपाटातली छोटी लाल गाडी बाहेर निघे. तरुणपणी मुंबईहून आणलेल्या खोक्यातला एकेक भाग चिकटवून त्यांनी ती बनवली होती. “टपावरचा पोचा बघा, पावणं. दिवाळीच्या साफसफाईत हिनं पाडली.” “मी न्हाई पाडली,” उगमबाई चहा देताना म्हणायच्या. पाहुणे हसायचे. यंदा कंपनीनं जुन्याच साच्यातून तीच गाडी पुन्हा काढली आणि नात रिद्धीनं मागवली. सीलबंद खोका फोडून सुटे भाग मांडता मांडता शेठांनी टप उचलून उजेडात धरला. उगमबाईंनी चष्मा लावला. नव्या टपावर, त्याच जागी, तोच पोचा होता. “ही कुणी पाडली?” “साच्यातच असंल,” शेठ पुटपुटले आणि पोचा बुजवायला पुट्टी शोधू लागले. उगमबाईंनी तो टप जुन्या गाडीशेजारी ठेवला. “राहू द्या. संध्याकाळी पावणं येत्यात. आज गाडी मी दाखवते.”