खाजेचं कुलूप

गोळ्यांनी बाबांचं यकृत सुधारत होतं, पण अंगाला अशी खाज सुटायची की पाठ घासून घासून त्यांनी दाराच्या चौकटीचा रंग घालवला होता. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "गोळ्या बंद. मेलो तर मेलो, पण माकडासारखा खाजवत जगणार नाही."

मुलगी औषधांच्या प्रयोगशाळेत होती आणि नेमकी याच खाजेच्या हात धुऊन मागे लागली होती. त्या संध्याकाळी ती खाजेच्या रिसेप्टरचं प्लास्टिकचं मॉडेल घेऊनच घरी आली. हातभर लांब, अंगभर खाचा आणि उंचवटे.

"हे बघा बाबा, शरीरातलं खाजेचं कुलूप. तुमची गोळी यकृताचं कुलूप उघडते आणि जाता जाता यातही शिरते. आता याचा आकार कळलाय, म्हणून यात बसणारच नाही अशी गोळी आम्ही घडवतोय."

"कधी मिळेल?"

"सात-आठ वर्षं धरा. तोवर जुनी सोडू नका, पाया पडते."

"आणि तोवर मी काय, भिंती झिजवू?" बाबांनी मॉडेल उलटसुलट करून पाहिलं आणि मागून सदऱ्यात घातलं. एकदा वर, एकदा खाली. हळूहळू त्यांचे डोळे मिटले.

"अगं," त्यांनी आईला हाक मारली, "ती गोळी आण गं."

 

सकाळी प्रयोगशाळेत साहेबांनी मॉडेल कुठं गेलं म्हणून विचारलं, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "रुग्णावर चाचणी चालू आहे सर, गुण येतोय."