जमिनीवरची लाट

आमचा उपग्रह दर दहा दिवसांनी त्याच वाटेने जातो आणि रडारने समुद्राच्या लाटांची उंची मोजतो. समुद्र संपला तरी त्याची खोड जात नाही, तो मोजतच राहतो. जमिनीवरचे हे निरर्थक आकडे खोडायचे, एवढंच माझं काम.

गेल्या महिन्यात बस डेपोवर चार मीटरची लाट निघाली. मी खोडली. दहा दिवसांनी ती शाळेवर होती. त्यानंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

साहेबांना नकाशा दाखवला.

"डेपोतून निघाली ना? मग बसने आली असेल," ते म्हणाले. "खोड आणि जेवायला चल."

आज ती आमच्या घरावर होती. चार मीटर. घर आमचं बैठं. आकडा खोडला आणि ताईला फोन लावला.

"घरी सगळं ठीक ना?"

"ठीकच रे. बाबा तेवढे मघापासून गाल फुगवून, श्वास रोखून बसलेत."

"अगं, विचार ना त्यांना, का ते!"

"विचारलं. नुसतं छताकडे बोट दाखवतात."

"आणि तू, ताई?"

तिने मोठ्ठा श्वास घेतला. तो सोडल्याचा आवाज काही आला नाही.