बोटं दुखायलाच हवीत

"पहिला महिना सगळ्यांचीच बोटं दुखतात," गिटारचे सर म्हणाले. क्लासमधली पोरं बोटांवर फुंकर घालत होती. मी छप्पन्न वर्षांचा. थंडीतल्या संध्याकाळी घरात नुसतं बसवत नाही, म्हणून शिकायला आलेलो.

"माझी नाही बुवा दुखत," मी तोऱ्यात म्हणालो.

"बघा, काकांकडून शिका!" सरांनी कौतुकानं माझा हात तारांवरून उचलला. तर्जनीचं टोक फाटलं होतं. तारेवर रक्त होतं. "काका, खरंच काही कळलं नाही?"

कळलं नव्हतं. माझ्या वडिलांनाही शुगरमुळे असंच कळेनासं झालं होतं. चपलेतला खिळा आठ दिवस पायात रुतत होता आणि ते गावभर हिंडत होते. आधी अंगठा कापला, मग गुडघ्याखालचा पाय. मलाही दहा वर्षं शुगर आहे. डॉक्टरांना मात्र दर वेळी सांगत आलोय, मला काही त्रास नाही.

घरी येऊन पलंगावर बसलो. थंडीमुळे तीन दिवस मोजे काढले नव्हते. उजवा सहज निघाला. डावा टाचेला चिकटला होता.

डोळे मिटून मी तो ओढला. दुखलं नाही.