जबड्यावरचा लगाम

गुळाचं ताट मधोमध होतं, भोवती बारा माणसं बसली होती, आणि रूपाबाई बोलत नव्हती.

बोलणार कशी? हनुवटीखालून डोक्यावर पांढऱ्या धडप्याची पट्टी आवळलेली, गाठ टाळूवर. जिच्या आवाजानं आख्ख्या तांड्याला जाग यायची, ती बाई मुसकं बांधलेल्या बैलावाणी बसली होती. उजवी टाच मात्र जमिनीवर आपटत होती. थांबतच नव्हती.

पाहुणे कनेरगाव नाक्याकडचे, ऊसतोडीच्या टोळीतले. परवा त्यांचा ट्रक कारखान्याला निघणार. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराचा अर्धाच धरतात. म्हणून सोयरिकीचा गूळ आज, हळद-लग्न उद्या, ट्रक परवा. पोरगी म्हणजे पुजा, रूपाबाईची नात. पंधरा वर्षांची, दहावीला.

हे लग्न ठरवलं होतं खुद्द रूपाबाईनं. कुणी विचारलं तरी तिचा हुकूम असायचा, न विचारलं तरी असायचा. बाजाराच्या दिवशी सकाळी पुजा म्हणाली होती, "दादी, दहावीचा फारम भरायचा हाय."

"फारम चुलीत घाल! या घरात हुकूम—"

आणि जबडा तिथंच सरकला. उघडलेलं तोंड मिटेना. रूपाबाईचा पोरगा रणजीत, पुजाचा बाप, पाहुण्यांकडं गेलेला. शेवटी पुजानंच तिला जीपमध्ये घालून डोंगरकड्याला गफूर हकीमाकडं नेलं.

म्हाताऱ्यानं दोन्ही अंगठे तोंडात घालून जबडा जाग्यावर बसवला. पट्टी बांधता बांधता बोलत राहिला. समोरचं माणूस गप्प असलं की हकीमाला जोर चढतो.

"रूपाबाई, तुमी हुकूम लई सोडता. पण हुकूम, हुकूमत, हाकीम, हिकमत, अन् हा मी हकीम, अरबीत हे सगळे एकाच मुळाचे फाटे. माझ्या उस्तादानं शिकवलं. अन् ते मूळ कशाचं? आवरून धरण्याचं. घोड्याच्या जबड्यावरच्या लगामाला बी त्याच मुळातलं नाव हाय. दुसऱ्याला आवरलं तर माणूस नुसता हाकीम, अंमल गाजवणारा. सवताला आवरलं, तर शहाणा."

रूपाबाईनं डोळे वटारले. तिच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलेलं. जनावर कसं आवरायचं, हे तिला या दाढीवाल्यानं शिकवावं?

हकीम हसला. "तीन दिस बोलायचं न्हाई. बोललात तर जबडा पुन्हा सुटंल."

पहिल्या दिवशी तिनं खुणा केल्या, पळी फेकली, दार आपटलं. कुणी भ्यालं नाही. कोंबड्यासुद्धा ओट्यावर चढल्या. दुसऱ्या दिवशी रणजीत आला आणि आईला बघून पहिल्यांदा घरात मोठ्यानं बोलला. त्याच दुपारी पुजा जबड्याला कोमट तेल चोळत बसली होती.

"दादी, आता तुला व्हय म्हणता येत न्हाई अन् न्हाई बी म्हणता येत न्हाई. म्हणून सांगून राहिले. मला कोयता नगं. फारम पायजे."

एवढं बोलून ती चोळतच राहिली. उत्तर रूपाबाईच्या गळ्यापर्यंत आलं आणि पट्टीपाशी अडलं. एरवी ते भस्सकन बाहेर पडलं असतं आणि ती विसरून गेली असती. अडलेलं उत्तर आतल्या आत कुरतडत बसलं.

आता पाहुण्यांतली थोराड बाई पुजाचा तळवा दाबून बघत होती. "मऊ हाय. एका हंगामात पडतील घट्टे."

रूपाबाईनं आपले घट्टे पडलेले दोन्ही तळवे पाहिले आणि मुठी मिटल्या. पुजा हात सोडवून दारामागं गेली.

"रूपाबाई," तांड्याचा नायक भावसिंग म्हणाला, "रिवाज तुमाला ठावा. घरच्या वडीलधाऱ्याचा शब्द पडल्याबिगर गूळ फुटत न्हाई."

"याडी," रणजीत आईच्या कानाशी लागला, "नुसती मान हालव."

"मान बैल बी हालवतो," भावसिंग म्हणाला. "शब्द पायजे."

"मग ही पट्टी सुटायची कवा?" नवऱ्या पोराच्या बापानं विचारलं.

दारामागून पुजा म्हणाली, "पट्टी तर—"

रूपाबाईनं अशी काही नजर टाकली, की पोरीनं पुढचा शब्द गिळला. मग म्हातारीनं एक बोट वर केलं.

"आणिक एक दिस? मग हळद कवा अन् ट्रक कवा?" पोराचा बाप धोतर झटकत उठला. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून राहिला होता. "न्हाई जमायचं. यंदा पोरगा भावासंग जाईल. पुढचं पुढच्या साली पाहू."

बारा माणसं उठली. रणजीत ताटाकडं बघत राहिला. "शब्द तुझाच, याडी, अन् नेमका तुझ्याच तोंडात अडकला!" पायतण अडकवून तो पाहुण्यांमागं धावला.

जीपचा आवाज वळणापल्याड गेला. रूपाबाईची टाच थांबली. तिनं हात वर करून टाळूवरची गाठ सोडली, पट्टीची नीट घडी घातली, जबडा डावीकडं-उजवीकडं फिरवून पाहिला. ताटातला खडा जमिनीवर आपटून फोडला, तोंडात टाकला आणि कराकरा चावला.

पुजा बघतच राहिली. "दादी, तीन दिस तर कालच भरले. तुला बोलता येत हुतं!"

"मला मोजता येतं," रूपाबाई म्हणाली. "तुझ्या बापाला येत न्हाई, म्हणून तर तुला शिकवायची. आण तो फारम."