सूरजच्या वाटणीची घागर

"आण ती घागर हिकडं!" म्हणत रखमानं लेकाच्या हातातली घागर हिसकावली आणि मठाच्या पायऱ्या अशी तरातरा चढली की सतरा वर्षांचा सूरज खालीच उभा राहिला.

"आये गो, माझी सेवा हाय ती!"

"तुझी सेवा घरी कर. बापसाची!"

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या कुशीत हा मठ. इथले गोसावी देवाचं नाव घेत तशी काठीही फिरवत, आणि एकेक जण दहांना भारी पडे. पोलादपूरच्या व्हिडिओ सेंटरात मारामारीचे पिक्चर बघून बघून सूरजच्या डोक्यात हवा शिरली. दहावीत आपटला आणि त्याच आठवड्यात हे ध्यान मठात येऊन बसलं. घरी बाप नाथू आंबे उतरवताना झाडावरून पडला, तो कमरेतूनच गेलेला. म्हशी, भातशेती, नवऱ्याचं सगळं, एकट्या रखमाच्या गळ्यात.

पहिल्या दिवशी ती त्याला ओढून न्यायला आली, तर सूरजनं कपाळ दाखवलं. "धुनीची राख लावली आये. ही लावली की शब्द दिला. आता मागं फिरता येत नाय."

मग तिनं गुरू कमलाकरबुवांचे पाय धरले. "एकुलता हाय, बुवा. सोडा त्याला."

"दसऱ्यापर्यंत सेवा करू दे," बुवा म्हणाले. "झाडलोट, पाणी, लाकडं, भांडी. आमचा गडी सेवेतूनच घडतो. दसऱ्याला परीक्षा. नापास झाला तर खुशाल घेऊन जा."

"आनी पास झाला तर?"

"मनगटाला भगवं बांधायचं. मग एक तप डोंगर उतरायचा नाही."

बारा वर्षं! तोवर नाथू तरी राहील का? पदरात तोंड खुपसून रखमा पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. गडी सेवेतून घडतो ना? मग पोराला सेवाच करू दिली नाही तर?

दुसऱ्या दिवशी धारा काढून ती वर हजर! झाडूला हात घालणार, तोच एक गोसावी ओरडला, "राख लावल्याशिवाय इथल्या कामाला शिवायचं नाय!"

"लावते की, मेल्या! राखेचं काय कौतुक?" तिनं चिमूट कपाळाला फासली आणि कामाला लागली. बुवा बघत होते.

तेव्हापासून रोजचंच झालं. सूरज फणसाखाली लोळे, आई राबे. पोरगं गुटगुटीत झालं, आई वाळून काठी. चेले खिदळत, "सूरजची आई आली, सूरजला सुट्टी!" बुवा तर कमालच करत. "सूरज, हौद भर! सूरज, तो ओंडका फोड!" अशी हाक मारत आणि बघत रखमाकडे. म्हातारा चळलाय, ती मनात म्हणे आणि कुऱ्हाड उचले.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरलं. ती दोन दोन घागरी घेऊन चढायची. अंगण झाडताना डोक्यावरून चेल्यांच्या काठ्या सूं सूं फिरत. ही वर न बघता वाकायची, सरकायची आणि वर शिव्या द्यायची, "डोळे फुटले काय रे?"

घरी येऊन ती नाथूची पाठ शेकायची.

"येईल ना गो पोर?" तो विचारायचा.

"येनारच. काय शिकूच देत नाय मी त्याला."

नाथू भिंतीकडे तोंड करायचा.

दसरा उजाडला. भरली घागर डोक्यावर घेऊन अंगण ओलांडायचं आणि मागून बुवा काठी घालणार, अशी परीक्षा. पाणी सांडलं की संपलं. सूरजला घागर उचलताच धाप लागली. निम्म्या अंगणात काठीचा आवाज आला आणि पैलवान डोळे मिटून खालीच बसला! घागर गडगडत हौदाला जाऊन आपटली.

"नापास," बुवा म्हणाले. "घेऊन जा, बाई."

रखमानं हसू लपवायला पदर चावला. देव पावला गो! "चल रे, बापूस खाटेवर वाट बघत असेल," तिनं लेकाला उठवलं. पण पडलेली घागर तिला बघवेना. तिनं ती बुचकळून भरली, डोक्यावर ठेवली आणि मुदपाकखान्याकडे वळली.

मागून बुवांची काठी आली.

"डोळे फुटले काय—" ती सरकली. काठी हवेतून गेली, फिरून परत आली, तेव्हा तिच्या उजव्या मुठीत अडकली. घागरीतला थेंबही हलला नाही.

एका चेल्यानं आपली काठी जमिनीवर ठेवली आणि वाकला. मग सगळेच वाकले.

रखमाचा एक हात घागरीला, दुसऱ्यात काठी. बुवांनी त्या मनगटाला भगवं गुंडाळून गाठ मारली, तरी तिला हात सोडवता आला नाही.

"बुवा, मी तर नुसती..." ती म्हणू लागली, तोच डोळ्यात काहीतरी चुरचुरलं. सकाळची राख घामाबरोबर भुवईवर उतरली होती.

बुवा सूरजकडे वळले. "बाळ, तू उतर आता. आईला भेटायला एक तपानं ये."